सोवळ्याच्या घरातून निघालेली बाई : लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट

कोल्हापूर : आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती माणसं कमी, पण आजची नाहीत. १८५२ साली वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, तेव्हापासूनचा हा इतिहास. रविवारी चर्चच्या बाहेरून जाताना कधी कान दिला तर आतून ओवी-अभंगाच्या चालीवरची पदं ऐकू येतात. त्यातली कितीतरी पदं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. टिळकांचं नाव बऱ्याच जणांना ठाऊक असतं. आज मात्र गोष्ट त्यांच्या बायकोची सांगायची आहे. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी मराठीतलं एक नंबरचं आत्मचरित्र लिहिलं, आणि त्याआधी एक अवघड आयुष्य काढलं.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सोवळं इतकं कडक की विचारू नका. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना इंग्रजांनी फाशी दिली होती. त्या प्रसंगाचा घाव मनकर्णिकेच्या वडिलांच्या मनावर असा बसला की त्यांनी विटाळाचा धसकाच घेतला. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात यायची नाही, अगदी मीठ-साखरसुद्धा. आता मीठ धुतलं तर हातात काय उरणार? पण वडिलांपुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. पोरांचा खेळ, खाणं, कुणाला शिवणं, सगळ्यावर पहारा. पवित्र राहणं म्हणजे कुणाला न शिवणं, हा पहिला धडा त्या इथं शिकल्या. पुढचं सगळं आयुष्य हा धडा पुसण्यात गेलं असं म्हटलं तरी चालेल.

१८८० साली, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी लग्न झालं. नवरा अठरा-एकोणीस वर्षांचा, हुशार, कवी, आणि पाय एका जागी न ठरणारा. आज या गावात नोकरी, उद्या त्या गावात. मधेच न सांगता निघून जायचे. बाजारहाटाला दिलेले पैसे वाटेत कुणा गरजवंताच्या हातावर ठेवून मोकळे व्हायचे. राग आला की आभाळ फाटायचं, आणि घटकाभराने पाहावं तर लहान मुलासारखे हसत बसलेले. बाईही काही गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. भांडणं व्हायची, अबोला व्हायचा. लिहायला-वाचायला मात्र याच नवऱ्याने शिकवलं, तेही घरात बसून, जमेल तसं.

टिळकांच्या डोक्यात धर्माचा विचार सतत चालू असायचा. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एक गोरा गृहस्थ भेटला. बोलणं निघालं, आणि उतरताना त्याने नव्या कराराचं पुस्तक हातात दिलं. टिळकांनी ते वाचलं, त्यातलं येशूचं डोंगरावरचं प्रवचन त्यांच्या मनात घर करून बसलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही बातमी लक्ष्मीबाईंना समजली तेव्हा त्या माहेरच्या माणसांत होत्या. पदरात लहानगा दत्तू. त्या काळात नवरा बाटला म्हणजे तो जिवंत असून मेल्यासारखाच. कुंकू ठेवायचं की पुसायचं, इथपासून प्रश्न. त्या धक्क्याने त्यांची तब्येत ढासळली, अन्नावरची वासना गेली. पुढची काही वर्षं त्यांनी पंढरपूरला बहिणीच्या घरी काढली. आपल्याकडच्या दिंड्या जिथं दरवर्षी जातात त्याच पंढरपुरात ही बाई पोराला घेऊन दिवस ढकलत होती. लोक दया दाखवायचे, टोमणेही मारायचे. टिळकांची पत्रं यायची. दुसरं लग्न करा म्हणून त्यांना सांगणारे होते, बाईंना नवऱ्याचं नाव टाका म्हणणारे होते. दोघांनीही ते केलं नाही. याच दुःखात बाईंना कविता सुचू लागल्या, कुणी न शिकवता.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लक्ष्मीबाई त्या वर्षांत ख्रिस्ती नव्हत्या, व्हायचंही नव्हतं. त्यांची आशा एवढीच होती की मोडलेला संसार पुन्हा जुळेल. कसा, ते त्यांना माहीत नव्हतं.

शेवटी त्या नवऱ्याकडे अहमदनगरला गेल्या, पण अटी घालून. बिऱ्हाड हिंदू वस्तीत, चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी सगळं मान्य केलं. स्वभावाने तापट माणूस, पण या एका बाबतीत त्यांनी जबरदस्ती केली नाही. धर्म ज्याचा त्याने घ्यावा, बायको झाली म्हणून तिच्यावर लादू नये, हे त्यांनी पाळलं. आजही कितीतरी घरांत एवढी मोकळीक बायकांना मिळत नाही, धर्म कुठलाही असो.

मग एक दिवस तो प्रसंग घडला. पाण्यावरून, शिवाशिवीवरून रोजची कटकट चाललेलीच होती. बाई एकट्या बसून विचार करू लागल्या. जात देवाने केली की माणसाने? देवाने केली असती तर गाय आणि घोडा वेगळे ओळखू येतात तशी माणसंही वेगळी दिसली असती. जन्म सगळ्यांचा सारखा, मरण सारखं, मग मधलं हे अंतर आलं कुठून? कुणी पाद्री समोर नव्हता, कुणी पोथी उघडली नव्हती. मनाने उत्तर दिलं आणि बाईंनी ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. आणि प्यालाही! मीठ धुणाऱ्या घरातल्या मुलीने तो पाण्याचा घोट घेतला, त्याची किंमत आज नळाचं पाणी पिणाऱ्या आपल्याला चटकन कळायची नाही.

तरीही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी भेदभाव गेला, मग हळूहळू येशूवर मन बसलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या पायाने चालत.

ख्रिस्ती धर्मात पवित्र होण्याची कल्पना अशी की विश्वास ठेवला म्हणजे काम संपलं असं नाही. तिथून पुढे माणूस रोज थोडा थोडा बदलत जातो, आणि देव आपल्याला अर्ध्यात सोडणार नाही या आशेवर चालत राहतो. वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा बदल देवळात कमी आणि स्वयंपाकघरात जास्त दिसला. टिळक रस्त्यावरून कुणालाही घरी घेऊन यायचे. अनाथ पोरं, उपाशी माणसं, शिकायला आलेले तरुण. आणायचं काम त्यांचं, सांभाळायचं बाईंचं. न्हाऊ-माखू घालणं, डोक्यातल्या उवा काढणं, भाकरी पुरवणं. चिडायच्या, बोलायच्या, पण कुणाला उपाशी ठेवलं नाही. नगरला प्लेगची साथ आली तेव्हा रोग्यांजवळ जायला त्यांच्या घरचे लोक घाबरायचे, तिथं प्लेगच्या छावणीत राहून या बाईंनी सेवा केली.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक पोर राहिला. बालकवी म्हणून आपण शाळेत ज्यांच्या कविता वाचल्या तेच हे. लक्ष्मीबाईंनी त्यांना पोटच्या पोरासारखं जपलं. तो हिंदू, हे ख्रिस्ती, पण घरात त्याची अडचण कधी झाली नाही. १९१८ च्या मे महिन्यात रेल्वेखाली सापडून बालकवी गेले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१७ मध्ये, टिळकांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार उभा केला होता. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, येशूच्या मागे चालू इच्छिणाऱ्या सगळ्यांचं ते घर, अशी त्यांची कल्पना. पगार बंद, संसार देवाच्या भरवशावर. बायकोने अशा वेळी काय म्हणावं? लक्ष्मीबाईंनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं, हेही पाहिलं. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. बाई पन्नाशीच्या होत्या.

एरवी गोष्ट इथं संपली असती. पण टिळकांनी येशूच्या चरित्रावर ख्रिस्तायन हे मोठं काव्य लिहायला घेतलं होतं, ते सुरुवातीच्या अध्यायांवरच अडलं होतं. शाळा न शिकलेल्या लक्ष्मीबाई ते पुरं करायला बसल्या. एकेक अध्याय करत त्यांनी नवऱ्यापेक्षा कितीतरी जास्त भाग स्वतः लिहिला. मधल्या काळात मुलगा देवदत्त, म्हणजे तोच पंढरपूरचा दत्तू, याच्याबरोबर कराचीलाही राहून आल्या.

आणि मग स्मृतिचित्रे. मुलाच्या आग्रहाने त्या आठवणी सांगू-लिहू लागल्या. १९३४ पासून त्या पुस्तकरूपाने येऊ लागल्या. वाचताना वाटतं की शेजारची म्हातारी ओट्यावर बसून बोलतेय. नवऱ्याची फजिती आहे, स्वतःची त्याहून जास्त आहे. सोवळ्याच्या वेडावर हसू येतं, पण वडिलांबद्दल कडवटपणा कुठं सापडत नाही. आपण फार मोठं काही केलं, असं ही बाई एका पानावरही म्हणत नाही. मराठी वाचता येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कुठल्याही धर्माचा असो, हे पुस्तक एकदा हातात घ्यावं. गावच्या वाचनालयात नसेल तर मागवायला सांगावं.

२४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला लक्ष्मीबाई वारल्या. आठवणींचा शेवटचा भाग तोवर छापून झाला नव्हता. तो पुढे देवदत्त टिळकांनी काढला.