केडगावची फळबाग

आजचे वाचन : स्तोत्रसंहिता १२७:१-२



गेले तीन आठवडे माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट कायम उघडी असते. मी ज्या प्रोजेक्टवर आहे तो लवकरच बंद होतोय, आणि पुढे काय, ते कोणी नीट सांगत नाही. शीटमध्ये एका बाजूला घराचा हप्ता, मुलीची शाळा, आईची औषधं. दुसऱ्या बाजूला शिल्लक. सगळ्यात खाली एकच आकडा : पगार थांबला तर किती महिने निघतील. आज तो आकडा ७ आहे.

मागच्या रविवारी उपासनेनंतर चहा घेताना मी हे दोघांना सांगितलं. एक काका म्हणाले की, प्रभूवर सोपव, एवढी धावपळ कशाला. माझ्याच वयाचा एक मित्र म्हणाला की, क्लाउडचं सर्टिफिकेशन उरकून घे, पाच-सहा ठिकाणी अर्ज टाक, प्रार्थना काय होतच राहील. दोघंही प्रेमानेच बोलले. पण घरी येताना डोक्यात गुंता झाला. अर्ज टाकले तर माझा विश्वास कमी आहे का? आणि नाही टाकले तर तो विश्वास की निव्वळ आळस?

त्याच संध्याकाळी आणखी एक गोष्ट घडली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी १२ हजार रुपये उसने मागितले. शीट समोरच उघडी होती. मी सध्या जमणार नाही म्हणालो. खोटं बोललो नाही, पण रात्री झोपही लागली नाही.

या आठवड्यात मी पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं. शाळेत आपण त्यांच्यावर चार ओळी वाचलेल्या असतात : समाजसुधारक, शारदा सदन, झालं. यावेळी मी माझा प्रश्न घेऊन वाचलं आणि त्यांच्या आयुष्यात तो पानोपानी सापडला.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे गाढे विद्वान. बायकांनी संस्कृत शिकू नये असा तो काळ. तरी त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी रमेला. हे कुटुंब तीर्थक्षेत्री फिरायचं, पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर जगायचं. रमेला लहानपणीच हजारो श्लोक पाठ होते.

मग १८७०च्या दशकातला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते संपलं. थोड्याच काळात वडील, आई आणि थोरली बहीण गेली. त्या दिवसांबद्दल रमाबाईंनी पुढे लिहिलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट मला टोचली. घरात विद्या भरपूर होती, पण पोटासाठी हाताने करायचं काम कोणालाच येत नव्हतं. मजुरी करायला किंवा भीक मागायला अभिमान आडवा येत होता. उपासतापास, व्रतं, दानधर्म सगळं करून माणसं डोळ्यांदेखत भुकेने खंगली. हे जिने पाहिलं, ती बाई नुसती हात जोडून बसायला कोणाला सांगेल, असं मला वाटत नाही.

उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी हजारो मैल पायी तुडवले. १८७८ मध्ये ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली आणि त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने, जातीबाहेर लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२च्या फेब्रुवारीत पतीही गेला. वय २३, पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी, माहेर नाही, सासरचा आधार नाही.

यानंतरच्या रमाबाई पूर्णपणे स्वतःच्या पायांवर उभ्या दिसतात. पुण्यात येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च उभा केला. १८८३ मध्ये त्या वाँटेजला ख्रिस्ती भगिनींच्या मठात उतरल्या, त्याही फुकट नाही. भारतात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहायचं, असा चोख व्यवहार होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथेच त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, गावोगावी भाषणं दिली, पुस्तक लिहिलं. १८८७च्या अखेरीस बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेला दहा वर्षं मदत करायचं त्यांनी कबूल केलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हललं.

आजच्या भाषेत सांगायचं तर दहा वर्षांचं फंडिंग पक्कं झालं होतं. आता इथे थोडं थांबू या.

बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर रमाबाईंच्या लक्षात आलं की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडलेला नाही. केवढं धाडसाचं आहे हे! नाव झालेलं, संस्था चाललेली, दोन खंडांत ओळखी, आणि ही बाई स्वतःशी कबूल करते की आजवरचा सगळा भार मी माझ्या बुद्धीवर आणि माझ्या नेकीवर टाकला होता. आपल्यापैकी किती जण मंडळीत दहा-दहा वर्षं काम करून हे कबूल करतील?

म्हणजे यानंतर सगळं सुरळीत झालं का? नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळातली बडी मंडळी बाजूला झाली. पालकांनी बऱ्याच मुलींना काढून नेलं. तिकडे दहा वर्षांची मुदत दरवर्षी एकाने कमी होत होती. १८९८ मध्ये ती संपणार होती. पुढे काय?

रमाबाईंनी काय केलं असेल? त्यांनी एक्सेल शीट उघडली! म्हणजे त्या काळातली. पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, दौंडच्या रेल्वेमार्गावर केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली. विहिरी खोदायच्या, फळबाग लावायची आणि अमेरिकेची मदत थांबली की बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवायची. हिशेब अगदी शहाणपणाचा होता. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

त्याच काळात त्यांनी ब्रिस्टलच्या अनाथाश्रमांचे जॉर्ज म्युलर, चीनमध्ये सेवा करणारे हडसन टेलर आणि जॉन पेटन यांच्याविषयीची पुस्तकं वाचली. ही माणसं ठरलेल्या वर्गणीची हमी नसताना, देवाकडे मागून काम चालवत होती. रमाबाईंच्या मनात आलं की, हे भारतात का होऊ नये? कोणी परदेशी मिशनरी येऊन असं काम का सुरू करत नाही? आणि मग त्यांना जाणवलं की, देव त्यांनाच विचारतोय, दुसऱ्यांची वाट पाहण्यापेक्षा तूच का करत नाहीस?

१८९६ मध्ये त्या विश्वास ठेवलेल्या १५ मुलींना घेऊन लोणावळ्याच्या शिबिराला गेल्या. तिथे त्यांनी एक मागणी केली, जी वाचून माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. या १५ मुलींचा वर्ग करून दे, म्हणजे २२५! तेव्हा सदनात ५० मुलीही नव्हत्या. हा आकडा कोणत्याही बजेटमध्ये बसणारा नव्हता.

आणि मग पुन्हा दुष्काळ आला, यावेळी मध्य प्रांतात. बातमी कानावर आली तेव्हा रमाबाईंना आपले आईवडील, आपली बहीण आठवली नसतील का? त्या स्वतः तिथे गेल्या. रस्त्यावर पडलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या, वाईट लोकांच्या हाती लागण्याच्या बेतात असलेल्या मुलींना गोळा करत राहिल्या. १८९७ मध्ये अशा सुमारे ३०० मुली त्यांच्याकडे होत्या. ठेवायचं कुठे? पुण्यात प्लेगची साथ, शहरात एवढ्या मुली ठेवायला अधिकाऱ्यांची मनाई. तेव्हा त्या मुलींना केडगावला नेलं. ज्या जमिनीवर शाळेच्या उत्पन्नाचं गणित मांडलं होतं, तिथे तात्पुरते निवारे उभे राहिले. तेच पुढे मुक्ती सदन.

वेळ बघा. १८९८ जवळ येतंय, हमी संपतेय आणि खाणारी तोंडं कितीतरी पटींनी वाढलीत. शारदा सदनाला अमेरिकेतल्या मित्रमंडळींची मदत पुढेही मिळत राहिली. पण दुष्काळातून आलेल्या या शेकडो मुलींसाठी ठरलेली रक्कम कोणी कबूल केलेली नव्हती. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तर मुक्तीत दीड-दोन हजार माणसं झाली.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर. एवढा विश्वास ठेवल्यावर रमाबाईंनी काम कमी केलं का? उलट मुक्तीत शेती होती, गाईगुरं होती, हातमाग, तेलाची घाणी, छापखाना होता. प्रत्येक मुलीच्या हाताला काम शिकवलं जायचं. ज्या घरात विद्या होती पण हाताला काम नव्हतं, त्या घराची लेक होत्या ना त्या! अंध मुलींसाठी मनोरमा ब्रेलचे वर्ग घ्यायची. आणि रमाबाई स्वतः उतारवयात, ऐकू कमी येत असताना, हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचं साध्या मराठीत भाषांतर करत बसल्या. ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांनी छापलं.

स्तोत्र १२७ मी आज सकाळी या नजरेने वाचलं. त्यात घर बांधणारे आहेत, नगराचा पहारेकरी आहे. पण घर बांधणाऱ्यांना थापी खाली ठेवा असं कुठे म्हटलंय? पहारेकऱ्याला घरी जाऊन झोप असंही नाही. स्तोत्रकर्ता एवढंच सांगतो की, परमेश्वर त्यात नसेल तर हे सगळं फुकट, आणि काळजीत उजाडेपर्यंत जागून खाल्लेली भाकरीही फुकट. रमाबाईंनी बाग लावली ते चूक नव्हतं. पण देवाने त्या जमिनीवर दुसरंच काही मागितलं, तेव्हा त्यांनी माझी बाग, माझा बॅकअप असं म्हणत कुंपण घातलं नाही. विश्वासाची परीक्षा मला तिथे दिसते. जमीन विकत घेताना ती झाली नसेल. त्या जमिनीवर भुकेली मुलगी येऊन उभी राहिली तेव्हा झाली.

आणि एक प्रामाणिकपणे सांगायला हवं. विश्वास ठेवला म्हणून रमाबाईंचं सगळं राहिलं असं झालं नाही. ज्या मनोरमेच्या हाती काम सोपवायचं होतं ती १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. तरी आई भाषांतराच्या प्रुफांवर काम करत राहिली आणि ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी देवाघरी गेली. छापून पूर्ण झालेलं पुस्तक तिने पाहिलं नाही.

प्रियांनो, माझी गोष्ट अजून अर्धीच आहे. बुधवारी मी तीन ठिकाणी अर्ज पाठवले, न लाजता, प्रार्थना करून. सर्टिफिकेशनचा अभ्यासही सुरू केलाय. आणि काल बायकोशी बोलून मावशींना १२ हजार दिले. शीटमधला ७ आता ७च्या थोडा खाली गेलाय. तो बघून पोटात गोळा येतो, हे खरं आहे. नोकरीचं अजून काही कळलेलं नाही. पण काल रात्री लॅपटॉप बंद करून झोपलो.

आजच्यासाठी एक प्रश्न : तुमची केडगावची बाग कोणती? बचत, डिग्री, ओळखी, आरोग्य? ती जरूर लावा, तिला पाणी घाला. पण तिच्या फाटकाशी आज कोण उभं आहे, तेही बघा.

प्रार्थना करू या.

हे स्वर्गीय पित्या, तू आम्हाला हात दिलेस, बुद्धी दिलीस, त्याबद्दल तुझे आभार. आम्ही आळशी होऊ नये आणि आमच्याच कष्टांवर टेकूनही राहू नये. ज्यांची नोकरी आज डळमळीत आहे त्यांच्याजवळ राहा. आम्ही मांडलेल्या हिशेबांवर तुझा हक्क आहे, हे आम्हाला रोज आठवण करून दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.