वही आणि भट्टी

कॉलेजच्या वार्षिकात चरित्रे येतात ती बहुधा राष्ट्रपुरुषांची, संतांची किंवा शास्त्रज्ञांची. त्या मालिकेत मद्य तयार करणाऱ्या माणसाने बसावे, हे काही वाचकांना रुचणार नाही याची मला जाणीव आहे. आमच्या घरी व्हिस्की हा शब्द मोठ्याने उच्चारण्याची सोय नाही. ज्या वस्तीत मी वाढलो तेथे दारूपायी धुळीला मिळालेले संसार मी पाहिले आहेत. तेव्हा पिण्याची भलामण मी करणार नाही. एक तरुण सातासमुद्रापलीकडे जाऊन एक कारागिरी कसा शिकला आणि त्या शिक्षणाची किंमत कोणी कोणी मोजली, एवढेच मला सांगायचे आहे. हा तरुण म्हणजे जपानी व्हिस्कीचा जनक मानला जाणारा मासाताका ताकेत्सुरू.

ताकेत्सुरूचा जन्म २० जून १८९४ रोजी हिरोशिमा प्रांतातील ताकेहारा या गावी झाला. घराणे पिढ्यान्‌पिढ्या साके करणाऱ्यांचे. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेले जपानी मद्य. मासाताका तिसरा मुलगा. पण थोरल्या भावांनी वेगळ्या वाटा धरल्या, त्यामुळे घरचा धंदा यानेच सांभाळायचा असे जवळजवळ ठरलेले होते. त्याच तयारीसाठी त्याला ओसाकाच्या उच्च तंत्रविद्यालयात मद्यनिर्मितीच्या शाखेत घातले. तेथे मात्र मुलाचे मन साकेवरून उडून पाश्चात्त्य मद्यांवर जडले. १९१६ मध्ये तो ओसाकातीलच सेत्सू शुझो या कंपनीत नोकरीस लागला.

त्या काळी जपानात व्हिस्की म्हणून जे विकले जाई ते पाहिले तर हसू येईल. साधा मद्यार्क घ्यायचा, त्यात रंग, साखर आणि सुगंधी अर्क मिसळायचे, की झाली व्हिस्की! कंपनीच्या मालकाला हा प्रकार फार दिवस चालणार नाही हे दिसत होते. त्याने या तरुणाला खरी विद्या शिकून येण्यासाठी स्कॉटलंडला पाठवायचे ठरवले. मुलगा गेला तर धंद्याला वारस उरत नाही, हे आईवडिलांना कळत होते. तरीही त्यांनी अखेर परवानगी दिली. जुलै १९१८ मध्ये तो कोबे बंदरातून निघाला आणि अमेरिकेमार्गे डिसेंबरमध्ये ग्लासगोला पोहोचला. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. वय चोवीस वर्षांचे, भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही.

ग्लासगो विद्यापीठात तो सेंद्रिय रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना बसू लागला. पण व्हिस्की वर्गात शिकवली जात नव्हती. ज्यांना ती येत होती ते भट्टीवर काम करणारे कारागीर, आणि ते परक्याला सहज काही सांगणारे नव्हते. एका जाणकाराने शिकवणीची फी इतकी मागितली की ती याला परवडण्यासारखी नव्हती. मग त्याने थेट डिस्टिलऱ्यांची दारे ठोठावायला सुरुवात केली. एप्रिल १९१९ मध्ये लाँगमॉर्न येथे त्याला आठवड्याभरापुरता प्रवेश मिळाला. त्यानंतर बोनेस येथे काही दिवस. आणि १९२० मध्ये कॅम्पबेलटाउन गावच्या हेझलबर्न डिस्टिलरीत काही महिने.

तेथे त्याने काय पाहिले ते थोडक्यात सांगतो. जव भिजवून त्यांना मोड आणतात. मोड आले की ते भट्टीच्या उष्णतेवर वाळवतात. त्या वेळी खाली पीट जाळले, तर त्याचा धूर दाण्यात उतरतो आणि तोच पुढे व्हिस्कीच्या वासात राहतो. पीट म्हणजे दलदलीत साचून कुजलेल्या वनस्पतींची मातकट ढेकळे. मग हे जव भरडून गरम पाण्यात कालवतात, त्यांतील साखर पाण्यात उतरते आणि यीस्ट घालून ते पाणी आंबवतात. आंबलेला द्रव तांब्याच्या मोठ्या भांड्यात तापवून त्याची वाफ पुन्हा थंड करतात, आणि हे सहसा दोनदा करतात. पहिली धार आणि शेवटची धार बाजूला काढून मधली तेवढी ठेवायची, आणि ती नेमकी कोठे तोडायची हे कारागिराने नाकाने व अनुभवाने ठरवायचे. शेवटी ओक लाकडाच्या पिंपांत ती वर्षानुवर्षे मुरत ठेवायची. कायद्याने स्कॉटलंडात किमान तीन वर्षे. चांगली व्हिस्की दहा-बारा वर्षेही थांबते. दरवर्षी पिंपातला थोडा अंश हवेत उडून जातो, त्याला तेथे देवदूतांचा वाटा म्हणतात.

ताकेत्सुरू हे सारे वहीत उतरवून घेत होता. यंत्रांच्या आकृत्या, भांड्यांची मापे, कामगारांच्या पाळ्या, त्यांचे पगारसुद्धा. पण नुसत्या लिहिण्यावर तो थांबला नाही. भट्टीचे भांडे आतून घासण्याचे काम कामगारही टाळत. ते त्याने आपण होऊन मागून घेतले, कारण भांड्याची आतली घडण बाहेर उभे राहून दिसत नाही. विद्यापीठात बसलेला हा तरुण अंगावर काजळी घेऊन भांड्यात शिरतो, हे चित्र मला फार मोलाचे वाटते. हात मळतात ते काम शिक्षणाने सुटावे, म्हणून आपल्यापैकी कित्येकांना घरच्यांनी कॉलेजात धाडले आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, त्यामुळे हे मी अनुभवाने सांगू शकतो. ताकेत्सुरूला मात्र शिकण्यासाठीच हात मळवावे लागले.

याच काळात त्याची गाठ ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉक गावच्या रीटा कौवन हिच्याशी पडली. तिच्या धाकट्या भावाला जुजुत्सू शिकवण्याच्या निमित्ताने तो त्यांच्या घरी जाऊ लागला होता. रीटा डॉक्टरची मुलगी. वडील नुकतेच वारले होते. दोघांनी लग्न करायचे ठरवले तेव्हा दोन्ही घरांतून विरोध झाला. ८ जानेवारी १९२० रोजी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. तिच्यासाठी स्कॉटलंडातच राहण्याची त्याची तयारी होती. जपानात खरी व्हिस्की करण्याचे त्याचे स्वप्न ऐकून तिनेच जपानला जायचे ठरवले. लग्नानंतर तो हेझलबर्नला शिकत असताना तीही त्याच्याबरोबर कॅम्पबेलटाउनला राहिली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दोघे जपानला आले.

येथून पुढची कहाणी वाट पाहण्याची आहे. जपानात मंदी आली होती आणि वर्षानुवर्षे पिंपात पडून राहणाऱ्या मालावर पैसा घालायला कंपनी तयार होईना. वही भरून आणलेल्या माणसाला कामच नव्हते. १९२२ मध्ये त्याने नोकरी सोडली व ओसाकाच्या एका शाळेत तो रसायनशास्त्र शिकवू लागला. रीटा इंग्रजी व पियानोच्या शिकवण्या करू लागली. अशा रीतीने दोघांनी संसार रेटला.

१९२३ मध्ये कोतोबुकिया या कंपनीचे मालक शिंजिरो तोरी यांनी त्याला दहा वर्षांच्या कराराने बोलावले. हीच कंपनी पुढे सनटोरी म्हणून प्रसिद्ध झाली. क्योतो आणि ओसाका यांच्या मधोमध यामाझाकी येथे जपानमधील पहिली माल्ट व्हिस्कीची डिस्टिलरी उभी राहिली आणि १९२४ च्या अखेरीस तिच्या भट्ट्या पेटल्या. १९२९ मध्ये तिची पहिली व्हिस्की बाजारात आली. पण तिचा धुरकट वास जपानी गिऱ्हाइकाला जळका वाटला आणि ती चालली नाही. तोरींचे म्हणणे, माल लोकांच्या जिभेला रुचला पाहिजे. ताकेत्सुरूचे म्हणणे, शिकून आलो तसाच तो झाला पाहिजे. दोघांचेही आपापल्या जागी खरे होते. ताकेत्सुरूची बदली योकोहामाच्या बिअर कारखान्यात झाली आणि करार संपल्यावर १९३४ मध्ये तो बाहेर पडला.

स्कॉटलंडसारखी थंड, दमट हवा व पीट असलेली जागा त्याने उत्तरेकडील होक्काइदो बेटावर योइची गावी शोधून ठेवली होती. तेथे त्याने कंपनी काढली, पण तिच्या नावात व्हिस्की नव्हती, फळांचा रस होता! व्हिस्की विक्रीला येईपर्यंत पोट कशावर भरायचे? योइचीच्या परिसरात सफरचंदे उदंड, म्हणून त्यांचा रस काढून विकायचा. रसाचा खपही बेताचाच होता. पहिली व्हिस्की बाजारात आली १९४० मध्ये, म्हणजे कंपनी काढल्यावर सहा वर्षांनी. कंपनीच्या लांबलचक जपानी नावातली दोन अक्षरे जोडून तिचे नाव ठेवले निक्का.

लगेच महायुद्ध भडकले. परदेशी मद्य येणे बंद झाले, नौदलाला व्हिस्की हवी होती, त्यामुळे कारखान्याला जव मिळत राहिले आणि धंदा तगला. रीटाला मात्र तेच दिवस फार कठीण गेले. तिने जपानी नागरिकत्व घेतले होते, ती जपानी बोले, जपानी स्वयंपाक करी. तरी गोरी कातडी पाहून तिच्यावर हेरगिरीचा संशय घेतला गेला आणि पोलीस तिच्या मागावर राहू लागले. माहेरच्या देशाशी युद्ध आणि सासरच्या देशात संशय, अशा कात्रीत तिने ती वर्षे काढली. योइची सोडून ती गेली नाही.

जानेवारी १९६१ मध्ये रीटा वारली. त्या धक्क्याने ताकेत्सुरूने स्वतःला खोलीत कोंडून घेतले होते असे सांगतात. नंतर तो पुन्हा कामाला लागला. १९६९ मध्ये सेंदाईजवळ मियागिक्यो येथे त्याने दुसरी डिस्टिलरी उभी केली. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड ह्यूम १९६२ मध्ये जपानला आले, तेव्हा एका जपानी तरुणाने पेन आणि वही यांच्या बळावर आमचे गुपित पळवले, अशा अर्थाचा विनोद त्यांनी कौतुकाने केला होता. पण ती वही ताकेत्सुरूने कुलपात ठेवली नव्हती. परत आल्यावर त्याने ती आपले वरिष्ठ किइचिरो इवाई यांच्या स्वाधीन केली होती आणि पुढे तिच्या आधाराने इवाईंनी आणखी एका कंपनीची डिस्टिलरी आखली.

२९ ऑगस्ट १९७९ रोजी पंच्याऐंशी वर्षांचा होऊन ताकेत्सुरू वारला. योइचीच्या टेकडीवर रीटाशेजारी त्याला पुरले आहे. २००१ मध्ये योइचीच्या दहा वर्षे मुरलेल्या व्हिस्कीला ब्रिटनच्या एका नामांकित मासिकाच्या चाचणीत सर्वोच्च स्थान मिळाले. ते पाहायला दोघांपैकी कोणीही नव्हते. योइचीत आजही तांब्याची भांडी दगडी कोळशाच्या आगीवर तापतात आणि कामगार फावड्याने कोळसा लोटत असतात.

मित्रहो, या चरित्रातून जिद्द आणि चिकाटी शिकावी असे मी लिहिले, तर ते खोटे नाही; पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. ताकेहाराच्या आईवडिलांनी घरच्या धंद्याचा वारस सोडून दिला. कर्किंटिलॉकच्या एका मुलीने माहेर आणि देश सोडला आणि अडचणीच्या दिवसांत शिकवण्या केल्या. त्या साऱ्यावर एका माणसाची वही भरली. आपल्याही वह्या अशाच कोणाच्या तरी कष्टांवर भरत आहेत. योइचीच्या गावकऱ्यांनी आपल्या रस्त्याला रीटाचे नाव दिले आहे. आपल्या घरी जे राबत आहेत त्यांच्या नावाचे रस्ते होणार नाहीत. निदान आपण ती नावे विसरू नयेत.