डिस्क ब्रेकचं पेटंट १९०२ ला निघालं, पण जगाने ते मनावर घ्यायला ५० वर्षं लावली

धसई, टोकावडे भागातल्या गाडीवाल्यांना माळशेज घाट काही नवा नाही. पण पावसाळ्यात तोच घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढायला लागली, खाली आल्यावर एकच चाक तापलेलं निघालं, तर मेकॅनिक हात लावून सांगतो, कॅलिपर जाम झालाय.

हा कॅलिपर ज्या डिस्क ब्रेकचा भाग आहे, त्याच्या मुळाशी एक इंग्रज माणूस आहे. फ्रेडरिक लँचेस्टर.

जन्म २३ ऑक्टोबर १८६८ चा, लंडनमधला. वडील आर्किटेक्ट. पोरगं हुशार, पण कॉलेजातून बाहेर पडलं ते डिग्री न घेताच. आधी पेटंटची चित्रं काढायची नोकरी, मग १८८९ मध्ये बर्मिंगहॅमच्या गॅस इंजिनच्या कारखान्यात. तिथे इंजिनात सुधारणा करून पेटंट घ्यायचा सपाटाच लावला.

१८९६ मध्ये त्याची स्वतःची पेट्रोल गाडी रस्त्यावर धावली. चारचाकी आणि अस्सल ब्रिटिश बनावटीची. त्या काळात बाकीचे लोक घोडागाडीलाच इंजिन बसवत होते. लँचेस्टरने गाडी पहिल्यापासून गाडी म्हणूनच आखली. १८९९ मध्ये भाऊ जॉर्ज आणि फ्रँक यांच्यासोबत कंपनी निघाली.

आता मुद्द्याची गोष्ट. १९०२ मध्ये त्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ तबकडी, आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडणारे पॅड. कल्पना आजचीच. फसलं ते पॅडच्या धातूमुळे. पॅड तांब्याचे होते. धातूवर धातू घासला की कानठळ्या बसवणारा किंचाळा यायचा, आणि रस्त्यावरच्या धुळीत तांबं भराभर झिजायचं. त्याच वर्षी फ्रान्समध्ये लुई रेनॉने ड्रम ब्रेक आणला आणि पुढची पन्नास वर्षं ड्रमनेच खाल्ली. आपल्याकडच्या पद्मिनी फियाटलाही ड्रमच होते.

कंपनी पैशाअभावी १९०४ मध्येच अडचणीत आली आणि पुढे लँचेस्टर दुसऱ्यांचा सल्लागार झाला. गाड्या मात्र नावाजल्या. आपल्याकडचे राजेही गिऱ्हाईक होते. क्रिकेटवाले रणजी, म्हणजे नवानगरचे जामसाहेब, यांच्याकडे लँचेस्टर गाड्या होत्या. अलवरच्या महाराजांनी तर एकीवर राज्याभिषेकाच्या बग्गीसारखी बॉडी चढवून घेतली. हौसेला मोल नसतं ते असं.

इंजिनाची थरथर मारणारा बॅलन्सर शाफ्ट त्याचाच. विमान हवेत का टिकतं यावर त्याने राइट बंधूंच्याही आधी निबंध लिहिला होता, तो छापायला नकार मिळाला. युद्धात सैन्याच्या संख्येचं गणित मांडणारे त्याचे नियम लष्करी अभ्यासक आजही शिकतात. डोकं इतकं चाललं, पण पैसा काही टिकला नाही. म्हातारपणी कंपवात जडला, दृष्टी गेली, राहतं घरही मदतनिधीच्या पैशावर टिकलं. ८ मार्च १९४६ ला बर्मिंगहॅममध्ये तो गेला.

सात वर्षांनी, १९५३ मध्ये, जॅग्वारने डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून ल मॉन्सची २४ तासांची शर्यत जिंकली. मग सगळे जागे झाले. तोवर तांब्याची जागा चांगल्या पॅडने घेतली होती आणि पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकापर्यंत पोचत होता.

आजचा कॅलिपर तसा साधा आहे. आत पिस्टन, त्याच्याभोवती चौकोनी कडेची रबरी रिंग. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि रिंग किंचित पिळली जाते. पाय काढला की तीच रिंग पुन्हा सरळ होताना पिस्टनला मागे खेचते. वेगळी स्प्रिंग नाही, काही नाही. बाहेरचं धुळीचं रबर फाटलं की पाणी शिरतं, पिस्टन गंजतो आणि अडकतो.

कॅलिपर बऱ्याचदा अख्खा बदलावा लागत नाही. रबर किट आणून घरीही तो खोलता येतो, फक्त हात सरावलेला हवा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा. पिस्टन हवेच्या दाबाने काढताना समोर लाकूड ठेवा, बोटं नको, तो गोळीसारखा सुटतो. पिस्टनवर गंजाचे खड्डे पडले असतील तर तो बदलाच. आणि धुवायला पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल बिलकुल नाही, त्याने रबर फुगतं. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल आहे, नवी रिंग त्यातच भिजवून बसवतात. शेवटी लाइनमधली हवा काढायची आणि गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबत राहायचं. हात बसलेला नसेल तर पहिल्यांदा मेकॅनिकला शेजारी उभं करा, आणि चाचणी सपाट रस्त्यावर घ्या, घाटात नाही.