श्रेष्ठिवर्य कस्तुरभाई लालभाई : पेढीवरून विधिमंडळात

अहमदाबादच्या नगरशेठ शांतिदास झवेरी यांच्या कुळात दि. १९ डिसेंबर १८९४ रोजी कस्तुरभाईंचा जन्म झाला. १९१२ मध्ये पिताश्री लालभाई दलपतभाई यांचे छत्र हरपले आणि सतराव्या वर्षी महाविद्यालयीन शिक्षण सोडून त्यांना रायपूर मिलचा कारभार हाती घ्यावा लागला. कापसाची पारख, हिशोबातील चोखपणा आणि दिलेल्या शब्दाचे मोल या तीन गोष्टी त्यांनी व्यापारातच आत्मसात केल्या.

१९२३ मध्ये ते अहमदाबादच्या गिरणीमालकांचे प्रतिनिधी म्हणून केंद्रीय विधिमंडळात निवडून गेले. लँकेशायरच्या हितासाठी १८९६ पासून देशी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर लादला होता. स्वदेशात विणलेल्या वस्त्रालाच दंड देणारा हा कर हटविण्याचा प्रश्न कस्तुरभाईंनी सभागृहात आकडेवारीनिशी लावून धरला. डिसेंबर १९२५ मध्ये हा कर स्थगित झाला व १९२६ मध्ये कायमचा रद्द झाला.

त्याच वर्षी जैन समाजावर मोठे संकट आले. पालिताणा संस्थानाशी झालेला चाळीस वर्षांचा करार संपताच शत्रुंजयाच्या यात्रेकरूंवर कर बसविण्याचा प्रश्न उभा राहिला. समाजाने १ एप्रिल १९२६ पासून यात्राच स्थगित केली. आदीश्वर दादांच्या दर्शनाविना श्रावकांनी दोन वर्षे काढली. पण निर्धार ढळला नाही. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीच्या वतीने वाटाघाटींत कस्तुरभाईंनी महत्त्वाची भूमिका बजावली. १९२८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने वार्षिक ६० हजार रुपये देण्याचा ३५ वर्षांचा करार होऊन यात्रेचा मार्ग खुला झाला.

सुमारे अर्धशतक त्यांनी या पेढीची धुरा वाहिली. राणकपूर, देलवाडा, तारंगा येथील जिनालयांचा जीर्णोद्धार मूळ शिल्पाचे सौंदर्य राखून झाला. मुनिश्री पुण्यविजयजींच्या प्रेरणेने हस्तलिखितांच्या जतनासाठी लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृती विद्यामंदिर उभे राहिले. अरविंद मिल व अतुल यांसारखे उद्योग उभारणाऱ्या या श्रावकास १९६९ मध्ये पद्मभूषण किताब लाभला. दि. २० जानेवारी १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले.

धर्मादायाचा पैसा आणि लोकांनी दिलेले पद या दोन्ही ठेवी आहेत, हे त्यांच्या जीवनाचे सार होय. ज्यांच्या हाती विश्वस्तपदाची जबाबदारी आहे, त्यांना हा आदर्श सदैव मार्गदर्शक ठरावा.