कै. ताराबाई मोडक
कै. ताराबाईंचा जन्म सन १८९२ मध्ये मुंबईस झाला. राजकोटच्या अध्यापिका-विद्यालयाचे प्रमुखपद सोडून त्या भावनगरी गिजुभाई बधेकांच्या बालशिक्षणकार्यास मिळाल्या. सन १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीस कार्य आरंभिले. वस्तीतील मुले शाळेत येईनात, तेव्हा मुलांस दोष न देता त्यांनी शाळाच अंगणात नेली. तीच अंगणवाडी होय. पुढे कोसबाडास, अनुताई वाघ यांच्या साहाय्याने, गुराखी आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा भरविली. पाने, बिया, खडे हीच तेथील साधने. सन १९७३ मध्ये त्या निवर्तल्या. चलथाणच्या ऊसपट्ट्यात तोडणीस येणाऱ्या खानदेशी कुटुंबांची अनेक मुले आजही शाळेस मुकतात. गैरहजेरीचे उत्तर प्रथम शाळाप्रमुखाने द्यावे, हा ताराबाईंच्या चरित्राचा बोध तेथेही तितकाच लागू आहे.