कै. बापूजी हरि शिंदे

सुरतेकडील एका विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ सालीं शिक्षा झाली, तेव्हां बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांस जाब विचारिला. त्यांची कीर्ति सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या पित्याचें स्मरण आपण क्वचितच करितों. बापूजी बुलढाण्यास डेप्युटी कमिशनरच्या कचेरींत हेडक्लार्क व सत्यशोधक समाजाचे सभासद होते. मुलींचें शिक्षण लोकांस रुचत नसतां त्यांनीं कन्येस मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें. विवाहानंतर तिला सासरीं न धाडतां जांवईच घरीं आणिला. व्यासपीठावरून स्त्रीशिक्षणाचा पुरस्कार करणें सोपें. घरच्या मुलीच्या हातीं लेखणी देऊन तिनें काय लिहावें हें तिच्यावरच सोंपविणें कठीण. ज्यांच्या घरीं मुली आहेत, त्यांनीं हा कित्ता गिरवावा.