केडगावची उपकारस्तुती

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही कधी बसला असाल, तर वाटेत केडगाव स्टेशन लागलं असेल. पुढच्या वेळी तिथे जरा खिडकीबाहेर बघा. याच गावात पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशन उभं केलं. ते आजही आहे.

मित्रांनो, ख्रिस्ती घरांत उपकारस्तुती हा शब्द रोजचा. देवाचे आभार मानण्याची प्रार्थना, एवढाच त्याचा अर्थ. निकाल चांगला लागला, नोकरी मिळाली की आभार मानणं सोपं असतं. पण बायबलमध्ये पौलाने सांगितलंय ते सगळ्या परिस्थितीत आभार मानायला. इथेच आपलं घोडं अडतं. सगळं हातातून निसटत असताना आभार मानायचे तरी कशाचे?

रमाबाईंना हा प्रश्न पडला नसेल, असं समजू नका. त्यांचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईने ते रमेला दिलं. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं हिंडत, पुराणं सांगत जगायचं. मग दुष्काळ आला. जवळचं सगळं विकून झालं. मजुरी कधी केलेली नाही, भीक मागायची लाज. रानातली पानं खाऊन दिवस काढले. १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग मोठी बहीण. आईला न्यायला माणसं मिळेनात, म्हणून रमा स्वतः चौथी झाली. उंची कमी पडली, तेव्हा तिने तिरडीची आपली बाजू डोक्यावर घेतली. वय वर्षं सोळा!

भावाबरोबर पायी हिंडत ती १८७८मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी तिचं संस्कृत ऐकून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. आता दिवस पालटले, असं वाटतं ना? पण १८८०मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२मध्ये तेही कॉलऱ्याने गेले. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या आणि लेक मनोरमा वर्षाचीही नव्हती.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला आणि तिथेच मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्यांनी घास दिला, त्यांचे उपकार रमाबाई विसरल्या नाहीत. पण त्यांनी सांगितलेला प्रत्येक सिद्धांत निमूटपणे मान्यही केला नाही. चर्चच्या अधिकाराबद्दल त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. त्यांनी तरुण मुलग्यांना शिकवू नये, असं दोन बिशपांचं मत पडलं, तेही त्यांना पटलं नाही. म्हणजे कृतज्ञ असणं वेगळं आणि मिंधं होणं वेगळं. आपण बऱ्याचदा इथेच गल्लत करतो.

भारतात परतल्यावर १८८९मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९३मध्ये धर्मांतराच्या संशयावरून मोठं वादळ उठलं. सल्लागार मंडळींनी हात काढून घेतला, अनेक मुली पालकांनी परत नेल्या. रमाबाईंनी काम सोडलं नाही.

आणि मग १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या भुकेल्या मुलींची हकिगत कानावर आली, तेव्हा त्यांना काय आठवलं असेल ते तुम्हाला आता सांगायला नको. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि मुलींना केडगावला घेऊन आल्या. सुरुवातीला तीनेकशे आणि १९००पर्यंत दीड हजारांवर! नुसतं जेवू घालून त्या थांबल्या नाहीत. मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. अंध मुलींनाही शिकवण्याची सोय झाली. स्वतः उपाशी राहिलेल्या बाईने, आपण वाचलो याची अशी परतफेड केली.

१९०७मध्ये त्यांनी आपली जीवनकथा लिहिली. त्यात ती भूक, ते मृत्यू सगळं आहे. पण पुस्तकाच्या नावात शब्द काय, तर कधीही न संपणारा ठेवा! त्यांनी दुःखाला गोड म्हटलेलं नाही. दुःखाबद्दल आभार मानणं आणि दुःखात असतानाही आभार मानणं, यातला फरक त्यांना कळला होता.

शेवटची परीक्षा सगळ्यात कठीण होती. संस्थेचा भार पुढे जिच्यावर टाकायचा, ती मनोरमाच १९२१च्या जुलैमध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबलचं भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी खाली ठेवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. बायबल त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. ते छापलं केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या बायकांनी.

तुमचा धर्म कोणताही असो किंवा नसो, आज झोपताना एवढंच करून बघा. अडचणीच्या दिवसांत आपल्याला कोणी काय दिलं, ते आठवा. एखादा घास असेल, फीचे पैसे असतील, नुसती सोबत असेल. मग त्याच अडचणीत आज कोण आहे, ते शोधा. तुमच्याच वर्गात, मागच्या बाकावर कदाचित सापडेल.